लोकनेते कै. कामराज : तीन मतांनी निवडून आलेला सर्वांचा अध्यक्ष

ज्ञातिसंस्था असो, सहकारी पेढी असो वा राजकीय पक्षाची जिल्हा समिती असो, अध्यक्षाच्या निवडणुकीचा दिवस जवळ आला म्हणजे एकच प्रश्न सर्वांच्या मुखी असतो. दोन्ही गटांना मान्य होईल असा माणूस आणावयाचा कोठून? पुष्कळदा या प्रश्नाचे उत्तर म्हणून, ज्याचे कोणाशीच वाकडे नाही असा एखादा सज्जन गृहस्थ शोधून खुर्चीवर बसविला जातो. वर्षभराने मात्र असे आढळून येते की, ज्याचे कोणाशी वाकडे नव्हते त्याचे कोणाशी विशेष सख्यही नव्हते, आणि संस्थेचे कार्य जेथल्या तेथेच राहिले आहे. तेव्हा ऐक्य साधणारा पुढारी म्हणजे नेमका कोण, याचा विचार करताना तामिळनाडूचे थोर लोकनेते कै. कामराज यांचे चरित्र आपल्या ज्ञातिबांधवांनी अवश्य अभ्यासावे असे आहे. त्यांच्या निधनास अर्धशतकाचा काळ लोटला असला, तरी त्या चरित्रातील बोध जुना झालेला नाही.

कामराज यांचा जन्म १५ जुलै १९०३ रोजी मदुरेच्या दक्षिणेस असलेल्या विरुधुनगर या व्यापारी पेठेत झाला. वडील कुमारस्वामी हे नारळाचे व्यापारी होते; मातोश्रींचे नाव शिवकामी अम्माळ. कुटुंब नाडर समाजातील होते. ताडाच्या झाडावर चढून रस काढणे हा या समाजातील पुष्कळांचा परंपरागत व्यवसाय. त्यामुळे एके काळी देवळांची दारेही त्यांना बंद होती. परंतु विरुधुनगरच्या नाडरांनी व्यापारात जम बसविला आणि समाजाच्या उन्नतीसाठी एक साधीच पण विलक्षण परिणामकारक योजना आखली. प्रत्येक घरातील गृहिणीने रोज स्वयंपाकापूर्वी मूठभर तांदूळ बाजूला काढून ठेवावयाचे आणि जमलेल्या त्या धान्यातून शाळा चालवावयाची. या मूठभर तांदळावर उभ्या राहिलेल्या क्षत्रिय विद्याशाळेत लहानगा कामराज शिकला. ज्ञातीने एकत्र येऊन केलेल्या त्यागाचे फळ म्हणजे काय, हे त्यांनी पुस्तकात वाचले नव्हते. ते त्यांच्या पाटीवरच उमटले होते.

दुर्दैवाने पितृछत्र लवकर हरपले व शिक्षण सहाव्या इयत्तेच्या आसपासच थांबले. मामांच्या कापडाच्या दुकानात बसावे लागले. परंतु चित्त गजकाठीत रमेना. वर्तमानपत्रे वाचणे, सभांना जाणे हाच छंद जडला आणि तरुण वयातच त्यांनी काँग्रेसच्या कार्यास वाहून घेतले. १९२४ साली त्रावणकोरमधील वैकोम येथे, देवळाभोवतीच्या रस्त्यांवरून अस्पृश्य मानलेल्या लोकांना जाता यावे यासाठी सत्याग्रह सुरू होता; तेथेही ते गेले. पुढे १९३० साली राजाजी, म्हणजे चक्रवर्ती राजगोपालाचारी, यांच्या नेतृत्वाखाली वेदारण्यम येथे मिठाचा सत्याग्रह झाला. त्यात भाग घेतल्याबद्दल त्यांना शिक्षा झाली व गांधी-आयर्विन करारानंतर त्यांची मुक्तता झाली.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. १९१० साली स्थापन झालेल्या नाडर महाजन संगमातील वजनदार मंडळींचा ओढा काँग्रेसकडे नसून ब्राह्मणेतरांच्या जस्टिस पक्षाकडे होता. म्हणजे कामराज यांना पहिला विरोध सोसावा लागला तो आपल्याच गावच्या, आपल्याच ज्ञातीच्या धनिकांचा. स्वज्ञातीची सनद हाती घेऊन त्यांनी राजकारणात प्रवेश केला नाही, आणि ज्ञातीशी वैरही धरले नाही. कार्य करीत राहिले. पुढे ज्ञातीच त्यांच्यामागे आली.

त्या काळी तामिळनाडू काँग्रेसमध्ये दोन तट पडले होते. एका बाजूस सेलमचे राजाजी. कुशाग्र बुद्धी, गांधीजींचा विश्वास आणि अखिल भारतीय कीर्ती ही त्यांची पुंजी होती. दुसऱ्या बाजूस मद्रासचे सत्यमूर्ती. वक्तृत्व असामान्य, हृदय उदार आणि कार्यकर्त्यांवर माया अपार. दोघेही वकील, दोघेही ब्राह्मण, दोघेही निःसंशय देशभक्त. परंतु दोघांचे जमत नसे. १९३६ साली सत्यमूर्ती प्रांतिक समितीचे अध्यक्ष झाले, तेव्हा त्यांनी विरुधुनगरच्या या अल्पशिक्षित तरुणाला सरचिटणीस नेमले. १९३७ साली मद्रास इलाख्यात काँग्रेसचे मंत्रिमंडळ बनले. राजाजी मुख्य प्रधान झाले आणि सत्यमूर्तींना मंत्रिमंडळात स्थान मिळाले नाही. मनातील दरी रुंदावली. गावोगावच्या समित्यांतही ही दुफळी उतरली होती.

युद्धाच्या प्रश्नावरून १९३९ च्या ऑक्टोबरात मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि १९४० च्या फेब्रुवारीत प्रांतिक समितीच्या अध्यक्षाची निवडणूक आली. राजाजींच्या बाजूने सी. पी. सुब्बय्या हे उमेदवार होते. सत्यमूर्ती स्वतः उभे राहिले नाहीत. त्यांनी आपल्या शिष्याचे, कामराज यांचे नाव पुढे केले. मते मोजली तेव्हा कामराज यांना १०३ आणि सुब्बय्यांना १०० मते पडली होती. अवघ्या तीन मतांनी ३६ वर्षांचा हा कार्यकर्ता अध्यक्ष झाला. पण या निवडणुकीचा खरा मानबिंदू यापुढेच आहे. ज्या गुरूने चार वर्षांपूर्वी त्यांना आपले चिटणीस केले होते, तोच गुरू आता शिष्याच्या हाताखाली सरचिटणीस म्हणून रुजू झाला. वयाने, विद्येने व कीर्तीने कितीतरी मोठ्या असलेल्या सत्यमूर्तींना यात कमीपणा वाटला नाही. संस्थेला ऐक्य हवे असेल, तर तिला योग्य अध्यक्ष लागतो हे खरे. परंतु त्या अध्यक्षाखाली आनंदाने बसू शकणारा ज्येष्ठही लागतो, हे आपण बहुधा विसरतो.

तीन मतांच्या आधिक्याने निवडून आलेल्या माणसापुढे दोन मार्ग असतात. त्या तीन मतांच्या बळावर उरलेल्या शंभरांना दूर सारावयाचे, किंवा त्या शंभरांपैकी जितके आपलेसे करता येतील तितके करावयाचे. कामराज यांनी दुसरा मार्ग धरला. मद्रासच्या कचेरीत बसून आज्ञापत्रे धाडण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता. ते जिल्ह्याजिल्ह्यांतून हिंडले, कार्यकर्त्यांच्या घरी जेवले, कोणाचे काय गाऱ्हाणे आहे ते ऐकून घेतले. बोलणे अगदी कमी आणि ऐकणे फार, हा त्यांचा विशेष होता. चटकन वचन द्यावयाचे नाही, दिलेले मोडावयाचे नाही. प्रांतातील कोणत्या तालुक्यात कोण काम करतो, हे त्यांना तोंडपाठ असे. खेडुतांच्या साध्या तामिळ भाषेत ते बोलत. पांडित्य नव्हते, तसा पांडित्याचा आवही नव्हता.

पदाचा लोभ त्यांना नव्हता, याचे प्रत्यंतर लवकरच आले. १९४० च्या अखेरीस सत्याग्रहींच्या यादीस गांधीजींची संमती घेण्यासाठी ते वर्ध्यास निघाले असता वाटेत गुंटूर येथे त्यांना अटक झाली व वेल्लोरच्या तुरुंगात ठेवण्यात आले. ते कारागृहात असतानाच विरुधुनगरकरांनी त्यांना नगरपालिकेचे अध्यक्ष निवडले. सुटून आल्यावर कामराज सभेस गेले आणि त्यांनी त्या पदाचा राजीनामा दिला. ज्या पदास पूर्ण न्याय देता येत नाही ते अडवून बसू नये, ही त्यांची धारणा होती. एकाच वेळी चार-चार संस्थांची अध्यक्षपदे भूषविणाऱ्यांनी हा प्रसंग मनात ठेवावा.

१९४२ च्या ऑगस्टमध्ये मुंबईच्या गवालिया टँकवरील ऐतिहासिक अधिवेशनाहून परतताना पोलीस वाट पाहत असतील, हे ओळखून ते अर्कोणमला उतरले. निरनिराळ्या जिल्ह्यांत जाऊन त्यांनी कार्यकर्त्यांना आंदोलनाच्या सूचना पोहोचविल्या. ते काम संपताच स्वतःहून पोलिसांना वर्दी दिली. त्यानंतरच्या सुमारे तीन वर्षांच्या बंदिवासाचा काही काळ त्यांनी आपल्या अमरावतीच्या तुरुंगात काढला. सत्यमूर्तींनाही त्याच वेळी पकडून अमरावतीस नेण्यात आले. त्या प्रवासात त्यांच्या पाठीच्या कण्यास इजा झाली, आणि २८ मार्च १९४३ रोजी मद्रासच्या इस्पितळात त्यांचा अंत झाला. शिष्य तेव्हा बंदिवासात होता. पुढे १५ ऑगस्ट १९४७ रोजी कामराज प्रथम दिवंगत गुरूच्या घरी गेले व तेथे त्यांनी राष्ट्रध्वज फडकविला. तामिळनाडू काँग्रेसच्या कचेरीला सत्यमूर्तींचेच नाव मिळाले.

कामराज यांना सर्वच गाठी सोडविता आल्या असे मात्र नाही. चरित्रलेखनात हे झाकून ठेवणे योग्य नव्हे. १९४२ साली काँग्रेसमधून बाहेर पडलेले राजाजी १९४५ मध्ये परत आले, तेव्हा जुना वाद पुन्हा पेटला. १९४६ च्या प्रारंभी दक्षिणेचा दौरा आटोपून गांधीजींनी राजाजींच्या विरोधकांवर ‘हरिजन’ पत्रात टीका केली. कामराज यांना ती लागली. त्यांनी निवडणुकीच्या उमेदवारांची निवड करणाऱ्या पार्लमेंटरी बोर्डाचा राजीनामा दिला. गांधीजींविरुद्ध मोहीम उघडली नाही. मतभेद राहिला, पण संघटना फुटली नाही.

त्यांच्या कसोटीचा खरा दिवस १९५४ साली उगवला. १९५२ च्या निवडणुकीत मद्रास राज्यात काँग्रेसला ३७५ पैकी १५२ जागाच मिळाल्या व बहुमत हुकले. अशा बिकट प्रसंगी राजाजींना पाचारण करण्यात आले आणि ते मुख्यमंत्री झाले. परंतु १९५३ साली त्यांनी प्राथमिक शाळांचे तास कमी करून उरलेल्या वेळात मुलांनी आईबापांचा धंदा शिकावा अशी योजना आणली. ही जातीच्या धंद्याला मुलांना जखडणारी योजना आहे, अशी टीका राज्यभर झाली. खुद्द काँग्रेसमध्येही असंतोष माजला आणि राजाजींना पद सोडावे लागले. विधिमंडळ पक्षाच्या नेत्याची निवडणूक झाली. राजाजींच्या गटाचे सी. सुब्रह्मण्यम हे उमेदवार होते आणि एम. भक्तवत्सलम यांनी त्यांचे नाव सुचविले होते. कामराज यांना ९३ व सुब्रह्मण्यम यांना ४१ मते पडली.

आता पराभूत गटाची पाळी आली, असे पुष्कळांना वाटले असेल. परंतु १३ एप्रिल १९५४ रोजी मुख्यमंत्री झालेल्या कामराज यांनी आपल्या लहानशा मंत्रिमंडळात सुब्रह्मण्यम आणि भक्तवत्सलम या दोघांनाही घेतले. अर्थ व शिक्षण ही महत्त्वाची खाती सुब्रह्मण्यम यांच्याकडे सोपविली. वन्नियर समाजाचे दोन स्वतंत्र पक्ष निवडणूक लढवून आले होते. त्यांच्या नेत्यांनाही मंत्रिमंडळात स्थान दिले. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या देवळात पाऊल टाकता येत नव्हते, अशा समाजातील बी. परमेश्वरन यांच्याकडे देवस्थानांचे खाते दिले. वादग्रस्त शिक्षणयोजना तत्काळ मागे घेण्यात आली. पुढील वर्षांत गावोगाव शाळा उघडल्या आणि गरीब मुलांना दुपारचे जेवण मिळू लागले. मूठभर तांदळाच्या शाळेत शिकलेल्या मुलाने राज्यभरच्या मुलांच्या पानात भात वाढला!

पुढील चरित्र सर्वश्रुत आहे. संघटना बलिष्ठ व्हावी म्हणून ज्येष्ठांनी सत्तापदे सोडावीत, अशी योजना त्यांनी १९६३ मध्ये मांडली व २ ऑक्टोबर रोजी स्वतः मुख्यमंत्रिपद सोडले. त्याच योजनेनुसार मोरारजी देसाई, लालबहादूर शास्त्री, आपले स. का. पाटील आदी केंद्रीय मंत्र्यांनीही पदत्याग केला. १९६४ मध्ये कामराज काँग्रेसचे अध्यक्ष झाले. त्याच वर्षी २७ मे रोजी पंडित नेहरू निवर्तले, तेव्हा एकेकाचे मत शांतपणे अजमावून त्यांनी शास्त्रीजींची एकमताने निवड घडवून आणली. मात्र १९६७ साली ते स्वतःच्याच विरुधुनगरात १,२८५ मतांनी पराभूत झाले, आणि १९६९ ची काँग्रेसमधील फूट त्यांनाही टाळता आली नाही. २ ऑक्टोबर १९७५ रोजी, गांधीजयंतीच्या दिवशी, मद्रासच्या भाड्याच्या घरात या अविवाहित लोकसेवकाने देह ठेवला. १९७६ साली त्यांना मरणोत्तर ‘भारतरत्न’ अर्पण करण्यात आले.

कामराज कोणत्याही गटाचे नव्हते म्हणून ऐक्य साधू शकले, असे नाही. ते एका गटाचेच उमेदवार होते आणि ती गोष्ट त्यांनी कधी लपविली नाही. त्यांचे मोठेपण निवडणुकीपूर्वीच्या तटस्थतेत नसून निवडणुकीनंतरच्या वर्तनात आहे. म्हणून आपली समिती निवडताना, हा कोणाच्या बाजूचा आहे, एवढेच विचारून थांबू नये. हा निवडून आल्यावर हरलेल्यांना कोणते काम देईल, ज्येष्ठांचा मान कसा राखील, आणि न्याय देता येत नाही असे दिसताच खुर्ची सोडील काय, हेही विचारावे. या प्रश्नांची उत्तरे उमेदवाराच्या भाषणात सापडत नाहीत. ती त्याच्या आजवरच्या कामात शोधावी लागतात. मतपत्रिका हाती घेण्यापूर्वी प्रत्येक ज्ञातिबांधवाने तेवढे कष्ट घ्यावेत, आणि ज्याची बाजू हरेल त्याने सत्यमूर्तींचे स्मरण करून दुसऱ्याच दिवशी कामास लागावे, एवढीच विनंती.