लॅम्बे बेटावरचे घर

डब्लिनजवळच्या सिटीवेस्टमध्ये आज पुष्कळ भारतीय कुटुंबे राहतात. त्याच डब्लिनच्या किनाऱ्यासमोर लॅम्बे बेट आहे. नवी दिल्ली घडविणारे एडविन लुटियन्स (१८६९–१९४४) यांनी तेथे एका कुटुंबाचे घर बांधले.

त्यांची आई आयरिश. लहानपणी आजारपणामुळे शाळा फारशी घडली नाही (आम्हा शिक्षकांना हे जरा टोचते!), खेड्यातली घरे न्याहाळत ते शिकले. सेसिल बेअरिंग यांनी १९०४ साली लॅम्बे विकत घेतले. तिथला जुना किल्ला लुटियन्सनी पाडला नाही, सुधारला. दगड बेटाचाच घेतला, नवा भाग मुद्दाम ठेंगणा ठेवला आणि सभोवती गोल तट घातला. त्यामुळे समुद्रवाऱ्यापासून घर वाचले, झाडेही वाचली.

१९१२ साली दिल्लीचे काम आले. पुढे ३४० खोल्यांचा राजवाडा उभा राहिला. वादळे सोसणाऱ्या आम्हा बेटवासीयांना मात्र तो तटच आधी पाहावासा वाटतो.