पक्षाबाहेरचा माणूस : हॅरी हॉपकिन्स

१९४० सालच्या मे महिन्याची १० तारीख. हिटलरच्या फौजा त्या दिवशी पहाटे हॉलंड व बेल्जियममध्ये घुसल्या होत्या. संध्याकाळी अमेरिकेचा व्यापारमंत्री हॅरी हॉपकिन्स राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्टकडे भोजनास गेला. त्याची प्रकृती ठीक दिसेना, म्हणून यजमानाने त्याला रात्री तेथेच राहण्याचा आग्रह केला. एका रात्रीसाठी राहिलेला हा पाहुणा व्हाइट हाउसमधून हलला तो साडेतीन वर्षांनंतर. लिंकनने ज्या खोलीत गुलामांच्या मुक्तीच्या जाहीरनाम्यावर सही केली, तीच त्याची निजण्याची व काम करण्याची खोली झाली. त्याच वर्षी त्याने मंत्रिपद सोडले. पुढे त्याच्यापाशी ना निवडून मिळालेले पद होते, ना पक्षातील अधिकार, ना स्वतःचा मतदारसंघ. असे असूनही महायुद्धाच्या काळात अमेरिकेच्या कारभारात राष्ट्राध्यक्षाखालोखाल त्याचाच शब्द चाले, असे त्याचे मित्र मानीत आणि त्याचे शत्रू तर अधिकच ठामपणे मानीत. या शत्रूंमध्ये विरोधी पक्षाचे लोक होतेच. परंतु रूझवेल्टला सत्तेवर आणण्यासाठी ज्यांनी हाडाची काडे केली, असे त्याच्या स्वतःच्या पक्षाचे धुरीणही त्यांत कमी नव्हते. रूझवेल्टसारख्या मुरब्बी राजकारण्याने हा विरोध पत्करून या माणसाला अखेरपर्यंत जवळ का ठेवले, हा प्रश्न हॉपकिन्सच्या चरित्राच्या केंद्रस्थानी आहे.

हॉपकिन्सचा जन्म १७ ऑगस्ट १८९० रोजी आयोवा राज्यातील सू सिटी या गावी झाला. वडील घोड्यांचे साज बनवून विकत. धंद्यात त्यांचे चित्त फारसे स्थिर नसे. आई मेथॉडिस्ट पंथाची, कडक शिस्तीची आणि धर्मकार्यात रमणारी. वडिलांचा मिस्कील, जुगारी स्वभाव आणि आईची सेवावृत्ती यांचे चमत्कारिक मिश्रण मुलात उतरले. कुटुंब पुढे ग्रिनेल या गावी स्थायिक झाले आणि तेथील महाविद्यालयातून १९१२ मध्ये हॉपकिन्स पदवीधर झाला. धर्माचरणाचे सार्थक समाजसेवेत आहे, ही शिकवण त्या महाविद्यालयाच्या वातावरणातच होती. त्याच वर्षी तो न्यूयॉर्कच्या पूर्व भागातील, परदेशांतून आलेल्या गरिबांच्या दाट वस्तीत एका सेवाकेंद्रावर काम करण्यास गेला. आयोवाच्या मोकळ्या माळरानातून आलेल्या या तरुणाने एका खोलीत दाटीवाटीने राहणारी कुटुंबे, क्षयाने खंगलेली माणसे आणि काम शोधूनही रिकाम्या हाताने परतणारे बाप तेथे प्रथम पाहिले. पुढची जवळजवळ वीस वर्षे त्याने बालकल्याण, रेडक्रॉस आणि क्षयनिवारण या क्षेत्रांत घालविली. दारिद्र्य हा गरिबाच्या चारित्र्याचा दोष नसून रोजगाराच्या अभावाचा परिणाम आहे, हे मत त्याने या काळात बांधले आणि ते कधी सोडले नाही.

१९२९ च्या मंदीने या मताला राजकीय महत्त्व आले. रूझवेल्ट तेव्हा न्यूयॉर्क राज्याचा गव्हर्नर होता. १९३१ मध्ये त्याने बेकारांच्या साहाय्यासाठी जी यंत्रणा उभारली, तिचे कार्यकारी संचालकपद हॉपकिन्सकडे आले. रूझवेल्ट राष्ट्राध्यक्ष झाल्यावर मे १९३३ मध्ये संघराज्याच्या साहाय्यनिधीची सूत्रे त्याच्या हाती देण्यात आली. निधी होता ५० कोटी डॉलरचा. कामावर रुजू झाल्यानंतरच्या पहिल्या दोन तासांत त्याने ५० लाखांहून अधिक डॉलर राज्यांना वाटून टाकले. भुकेलेल्या माणसाला समितीचा अहवाल होईपर्यंत थांबावयास सांगणे त्याला मान्य नव्हते. त्याच हिवाळ्यात त्याने तात्पुरत्या कामांची योजना आखली आणि जानेवारी १९३४ पर्यंत ४० लाखांहून अधिक लोकांना रोजगार मिळवून दिला. १९३५ मध्ये सुरू झालेल्या मोठ्या रोजगार योजनेने तर १९४३ पर्यंत सुमारे ८५ लाख माणसांना काम दिले. रस्ते, शाळा, पूल आणि विमानतळ बांधले गेलेच. शिवाय नट, चित्रकार, लेखक व वादक यांनाही त्यांच्याच कलेचे काम मिळाले. कलावंतालाही पोट असते, ही साधी गोष्ट सरकारी धोरणात प्रथमच एवढ्या मोठ्या प्रमाणावर मान्य झाली.

मात्र येथेच संघर्षाचे बीज होते. रूझवेल्टच्या पाठीशी उभी असलेली आघाडी अनेक विजोड गटांची होती. दक्षिणेतील गोरे जमीनदार व त्यांचे सेनेटर, उत्तरेतील मोठ्या शहरांचे पक्षनायक, कामगार संघटना, स्थलांतरितांच्या वस्त्या आणि नव्यानेच या पक्षाकडे वळू लागलेले कृष्णवर्णीय मतदार अशी ही मोट होती. साहाय्याचा पैसा आपल्या हातून वाटला जावा, अशी स्थानिक पुढाऱ्यांची स्वाभाविक अपेक्षा असे, कारण सत्तेचे सारे जाळे नेमणुका आणि कंत्राटे यांवरच विणलेले होते. हॉपकिन्सने ती अपेक्षा कित्येक ठिकाणी पायदळी तुडविली. ओहायो राज्यात साहाय्यनिधीचा संबंध निवडणुकीच्या वर्गणीशी जोडला जात असल्याचे दिसताच त्याने मार्च १९३५ मध्ये तेथील सारी व्यवस्था संघराज्याच्या ताब्यात घेतली. तेथील गव्हर्नर रूझवेल्टच्याच पक्षाचा होता. त्याने संतापून हॉपकिन्सविरुद्ध बदनामीच्या आरोपावरून अटकेचे वॉरंट मिळविले. त्यातून पुढे काही निष्पन्न झाले नाही. पण कटुता राहिली. सरकारी कामावरील मजुरी शेतमजुरीपेक्षा अधिक पडते, म्हणून दक्षिणेतील मळेवाले धुसफुसत होते. मंत्रिमंडळात अंतर्गत कारभाराचा मंत्री हॅरल्ड इक्स हाही सार्वजनिक बांधकामाचा निधी सांभाळीत असे. तो प्रत्येक आराखडा पारखून घेणारा, तर हॉपकिन्स आज माणसे कामाला लावून उद्या हिशेब पाहणारा. दोघांचे हाडवैर राजधानीत सर्वश्रुत होते. या भांडणांत रूझवेल्ट कधी एकाला, कधी दुसऱ्याला चुचकारी. पण पैशाचा मोठा ओघ हॉपकिन्सकडेच वळत गेला.

याचा अर्थ हॉपकिन्स राजकारणापासून अलिप्त होता, असा नव्हे. किंबहुना त्याची सर्वांत मोठी चूक राजकारणात उतरण्याचीच होती. १९३८ मध्ये रूझवेल्टने स्वपक्षातील विरोधकांना प्राथमिक निवडणुकांत पाडण्याचा घाट घातला. हॉपकिन्सने आपल्या जन्मराज्यात, आयोवात, विद्यमान सेनेटर जिलेट याच्याविरुद्ध उभ्या असलेल्या उमेदवाराला जाहीर पाठिंबा दिला. जिलेट सहज निवडून आला. जॉर्जिया, दक्षिण कॅरोलिना आणि मेरीलँड येथेही राष्ट्राध्यक्षाला नकोसे असलेले सेनेटर विजयी झाले. केंटकीत बेकारांच्या योजनेचा उपयोग मते मिळविण्यासाठी झाल्याचा आरोप गाजला. नोव्हेंबरच्या निवडणुकीत रूझवेल्टच्या पक्षाने प्रतिनिधिगृहातील ७० हून अधिक जागा गमावल्या. पुढच्याच वर्षी सरकारी नोकरांच्या निवडणूक-प्रचारावर बंदी घालणारा कायदा संमत झाला. करावर कर बसवावेत, खर्चावर खर्च करावा आणि निवडणुकांवर निवडणुका जिंकाव्यात, अशा अर्थाचे एक वाक्य याच सुमारास हॉपकिन्सच्या तोंडी घालण्यात आले. आपण असे बोललो नाही, हे त्याने पुनःपुन्हा सांगितले. पण ते वाक्य त्याला अखेरपर्यंत चिकटून राहिले.

वैयक्तिक आयुष्यातही हा काळ कठीण होता. ऑक्टोबर १९३७ मध्ये त्याची दुसरी पत्नी बार्बरा कर्करोगाने वारली. दोनच महिन्यांनी त्याच्या स्वतःच्या जठरात कर्करोग आढळला आणि शस्त्रक्रियेत जठराचा बराचसा भाग काढून टाकावा लागला. कर्करोग पुन्हा उद्भवला नाही. पण खाल्लेले अन्न अंगी लागेना. डिसेंबर १९३८ मध्ये त्याला व्यापारमंत्री करण्यात आले, तेव्हा आपल्यामागून याने राष्ट्राध्यक्ष व्हावे, असा विचार रूझवेल्टच्या मनात होता. आजाराने ती शक्यता मावळली. स्वतःची महत्त्वाकांक्षा संपलेला, उरलेले आयुष्य उसने आहे असे मानणारा हा माणूस यानंतर खऱ्या अर्थाने रूझवेल्टचा झाला.

जुलै १९४० मध्ये शिकागो येथे पक्षाचे अधिवेशन भरले. रूझवेल्ट तिसऱ्यांदा उभा राहणार की नाही, हे तो स्वतः सांगत नव्हता. हॉपकिन्सकडे कोणताही औपचारिक अधिकार नव्हता. तरीही त्याच्या हॉटेलच्या स्नानगृहातून व्हाइट हाउसशी थेट दूरध्वनी जोडलेला होता आणि पक्षाचे मुखंड त्या खोलीकडे खेटे घालीत होते. पक्षाचा अध्यक्ष जेम्स फार्ली याने १९३२ व १९३६ च्या विजयांची बांधणी केली होती. आपल्याला डावलून एका समाजसेवकाच्या खोलीतून अधिवेशन हाकले जावे, हे त्याला असह्य झाले. उपाध्यक्षपदासाठी हेन्री वॉलेसचे नाव हा रूझवेल्टचा हट्ट होता; पण तो निरोप पोहोचविणारा हॉपकिन्स असल्यामुळे प्रतिनिधींचा राग त्याच्यावर निघाला. अधिवेशनानंतर फार्लीने पक्षाचे अध्यक्षपद आणि मंत्रिपद दोन्ही सोडले.

निवडणुकीत पराभूत झालेला वेंडेल विल्की जानेवारी १९४१ मध्ये रूझवेल्टला भेटला. एवढा अप्रिय माणूस जवळ कशासाठी ठेवता, असे त्याने विचारले. या दाराने आत येणारा प्रत्येक जण काहीतरी मागावयास येतो. ज्याला सेवेखेरीज काहीही नको, अशा एका माणसाची गरज या खुर्चीत बसल्यावरच कळते, अशा आशयाचे उत्तर त्याला मिळाले. हॉपकिन्सचा कोणताही गट नव्हता, म्हणून गटांना तो नकोसा होता. आणि नेमक्या याच कारणासाठी राष्ट्राध्यक्षाला तो हवा होता.

ही गोष्ट विल्की ऐकत होता तेव्हा हॉपकिन्स लंडनमध्ये होता. ब्रिटन एकटे लढत होते आणि त्याच्याजवळचे डॉलर संपत आले होते. चर्चिल खरोखर टिकाव धरील काय, हे पाहण्यासाठी रूझवेल्टने त्याला पाठविले होते. थंडीत कुडकुडणाऱ्या या कृश पाहुण्याने सुमारे सहा आठवडे बॉम्बवर्षावात ब्रिटनची पाहणी केली. ग्लासगो येथील एका भोजनप्रसंगी त्याने बायबलमधील रूथच्या निष्ठेच्या वचनाचा आधार घेऊन अमेरिका अखेरपर्यंत साथ देईल, असे सूचित केले. ते ऐकून चर्चिलच्या डोळ्यांत पाणी आले. मार्चमध्ये लेंड-लीज कायदा, म्हणजे मित्रराष्ट्रांना युद्धसामग्री उसनी अथवा भाडेपट्ट्याने देण्याचा कायदा, संमत झाला आणि त्याची अंमलबजावणी हॉपकिन्सकडे आली. युद्ध संपेपर्यंत या मार्गाने सुमारे ५० अब्ज डॉलरची मदत गेली.

जुलै १९४१ मध्ये तो स्कॉटलंडहून विमानाने आर्केंजलमार्गे मॉस्कोस पोहोचला. रशिया काही आठवड्यांत कोसळेल, असे बहुतेक लष्करी तज्ज्ञ सांगत होते. स्टालिनने त्याच्याकडे विमानविरोधी तोफांबरोबर विमाने बांधण्यासाठी अ‍ॅल्युमिनियम मागितले. उद्या शरण जाणारा देश परवाच्या कारखान्यांची तरतूद करीत नाही, हे ताडण्यास लष्करी ज्ञानाची गरज नव्हती. रशिया टिकेल, असा निर्वाळा हॉपकिन्सने दिला व तो खरा ठरला. परतीच्या प्रवासात औषधे मॉस्कोलाच राहिल्याने त्याच्या जिवावर बेतले; तशाही स्थितीत तो चर्चिलबरोबर युद्धनौकेने न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्याकडे, रूझवेल्टच्या भेटीस गेला.

या सख्याची किंमत भारतालाही द्यावी लागली. एप्रिल १९४२ मध्ये क्रिप्स दिल्लीत वाटाघाटी करीत असताना रूझवेल्टचा व्यक्तिगत प्रतिनिधी लुई जॉन्सन संरक्षणखात्याच्या प्रश्नावर क्रिप्स व नेहरू यांच्यात तडजोड घडवून आणण्याच्या खटपटीत होता. हॉपकिन्स त्या वेळी लंडनमध्येच होता. जॉन्सन राष्ट्राध्यक्षाच्या वतीने ही मध्यस्थी करीत नाही, असे त्याने चर्चिलला सांगितले आणि त्यामुळे त्या खटपटीतील बळच गेले. १२ एप्रिलच्या पहाटे क्रिप्सचे प्रस्थान लांबविण्याची विनंती करणारी रूझवेल्टची तार चर्चिलच्या हाती पडली, तेव्हा हॉपकिन्स त्याच्या शेजारी होता. चर्चिलचा संताप शमविणे हे त्याने आपले कर्तव्य मानले. पूर्व न्यूयॉर्कच्या गरिबांसाठी गव्हर्नरांशी भांडणारा हा माणूस भारताच्या स्वातंत्र्यासाठी चर्चिलशी भांडला नाही. युद्ध जिंकण्यापलीकडे त्याला त्या क्षणी काही दिसत नव्हते.

मायदेशी त्याच्यावरील टीका थांबली नाही. १९४२ च्या जुलैमध्ये व्हाइट हाउसमध्येच त्याचा तिसरा विवाह झाला. डिसेंबरमध्ये बर्नार्ड बारूक या धनिकाने नवदांपत्याला मेजवानी दिली. देश रेशनवर असताना मेजवानीतील पदार्थांच्या याद्या वृत्तपत्रांनी चवीने छापल्या. डिसेंबर १९४३ मध्ये त्याने व्हाइट हाउस सोडले. फेब्रुवारी १९४४ मध्ये त्याचा अठरा वर्षांचा मुलगा स्टीफन मार्शल बेटांवरील लढाईत पडला. हॉपकिन्स स्वतः पुन्हा रुग्णशय्येवर गेला आणि त्या दीर्घ अनुपस्थितीत राष्ट्राध्यक्षाशी असलेली जवळीकही विरळ झाली. याल्टाच्या परिषदेहून परतताना, प्रवास झेपेना म्हणून, तो आल्जियर्सला जहाजावरून उतरला. परतीच्या वाटेवर भाषणाच्या कामात त्याची मदत हवी असलेल्या रूझवेल्टला हे रुचले नाही. निरोप कोरडा झाला आणि दोघांची पुन्हा भेट झाली नाही. १२ एप्रिल १९४५ रोजी रूझवेल्टचे निधन झाले.

नव्या राष्ट्राध्यक्षाने, ट्रूमनने, त्याला मे महिन्यात मॉस्कोस पाठविले. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीतील नकाराधिकाराचा पेच सुटेना, त्यामुळे सॅन फ्रान्सिस्कोची परिषद अडली होती. हॉपकिन्सने स्टालिनचे मन वळविले. पोलंडबाबत मात्र त्याला फारसे काही मिळविता आले नाही. हे त्याचे अखेरचे कार्य. २९ जानेवारी १९४६ रोजी न्यूयॉर्क येथे, वयाच्या ५५ व्या वर्षी, तो मरण पावला. अब्जावधी डॉलर ज्याच्या सहीने वाटले गेले, त्याने स्वतःच्या मागे संपत्ती अशी ठेवली नाही. मृत्यूनंतरही त्याच्यावर रशियाधार्जिणेपणाचे, हेरगिरीचेसुद्धा आरोप झाले. बहुतेक इतिहासकारांनी हेरगिरीचा आरोप स्वीकारलेला नाही.

हॉपकिन्समुळे रूझवेल्टची पक्षांतर्गत आघाडी दुबळी झाली, हे खोटे नव्हे. तसेच, राष्ट्राध्यक्षाने स्वतः घेतलेल्या अनेक अप्रिय निर्णयांचा दोष हॉपकिन्सने आपल्या माथी घेतला, हेही खरे. दक्षिणेच्या सेनेटरांना उघडपणे दूषण देता येत नसे ते राष्ट्राध्यक्षाला. हॉपकिन्सला मात्र कोणीही दूषण देऊ शकत होते. ज्याच्यामागे कोणी नाही, त्याच्या तोंडून येणारा शब्द केवळ पाठविणाऱ्याचाच असतो, हे चर्चिल व स्टालिन यांनी ओळखले आणि म्हणून त्याच्यावर विश्वास टाकला. फार्लीलाही तेच ओळखू आले होते, आणि म्हणूनच तो दुरावला. एकाच गुणाची ही दोन फळे होती. रूझवेल्टला एक हवे होते, म्हणून त्याने दुसरे पत्करले. हॉपकिन्सला मात्र निवडीस वाव नव्हता. दुसऱ्याच्या विश्वासावरच ज्याचे सारे सामर्थ्य उभे असते, त्याला तो विश्वास किंचित सैल होताच किती एकटे व्हावे लागते, हे आल्जियर्सच्या बंदरात त्याने अनुभवले.