एमिल झाटोपेक : रोजच्या फेऱ्यांचा माणूस

क्रीडास्पर्धा जवळ आल्या की पहाटे मैदानावर मुलांची गर्दी होते, आणि स्पर्धा संपल्या की मैदान पुन्हा मोकळे! दरवर्षी हे पाहताना आम्हाला चेकोस्लोव्हाकियाचे धावपटू एमिल झाटोपेक आठवतात. लांब पल्ल्याची शर्यत हा माणूस आधीच्या शेकडो कंटाळवाण्या दिवसांतच जिंकून ठेवत असे.

एमिलचा जन्म १९ सप्टेंबर १९२२ चा. वडील सुतार, घरची परिस्थिती बेताची. सोळाव्या वर्षी तो झ्लिन येथील बाटाच्या कारखान्यात कामाला लागला. (होय, शाळेचे बूट घेताना ज्यांचे नाव आपण ऐकतो तेच बाटा.) १९४१ मध्ये कारखान्याच्या प्रशिक्षकांनी त्याला शर्यतीत पळायला सांगितले. एमिलने बरे नसल्याची सबब सांगितली, पण डॉक्टरांनी तपासून ठणठणीत ठरवले. नाइलाजाने पळाला आणि शंभर जणांत दुसरा आला. तेव्हापासून पळण्याची गोडी लागली ती कायमची.

त्यांचा सराव अगदी साधा होता. मैदानाची ४०० मीटरची फेरी वेगाने मारायची, मग हळू पळत दम घ्यायचा, की पुन्हा फेरी. अशा आधी २०, पुढे ४०, काही काळ तर दिवसाला १०० फेऱ्या! लांब पळणाऱ्याने तुकड्यातुकड्याने कशाला पळायचे, असे लोकांना वाटे. पुढे हीच पद्धत जगभर रुजली. सैन्यात असताना ते जड बूट घालून पळत. पाऊस असो वा बर्फ, त्यांच्या सरावाला सुट्टी नसे. कपडे धुवायचे असले तर टबात टाकून त्यावरच जागच्या जागी पळत. चालताना ओळीने झाडे मोजत श्वास रोखून धरण्याचाही त्यांना नाद होता. (हा प्रकार मुलांनी मुळीच करू नये, यात ते स्वतः चक्कर येऊन पडल्याचे सांगतात.) पळताना मान डोलायची, चेहरा वेडावाकडा व्हायचा. त्यांनी तिकडे कधी फारसे लक्ष दिले नाही.

१९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये त्यांनी १०,००० मीटरचे सुवर्ण आणि ५,००० मीटरचे रौप्य मिळवले. १९५२ चे हेलसिंकी ऑलिंपिक आपल्याला खाशाबा जाधव यांच्या कांस्यपदकामुळे ठाऊक आहे. तेथे झाटोपेक यांनी ५,००० व १०,००० मीटर जिंकले, आणि आयुष्यात पहिल्यांदाच मॅरेथॉन पळून तेही जिंकले. वेळ २ तास २३ मिनिटे ३.२ सेकंद. (आपल्या बेळगावचे फडेप्पा चौगुले १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन पळून १९ वे आले होते, हे किती मुलांना ठाऊक आहे?) ही तिहेरी कामगिरी एकाच ऑलिंपिकमध्ये आजवर दुसऱ्या कोणाला जमलेली नाही. पत्नी दाना यांनीही तेथे भालाफेकीत सुवर्ण जिंकले.

पण हेलसिंकीला निघण्यापूर्वीची गोष्ट आम्हाला अधिक मोलाची वाटते. वडील राजकीय कैदी म्हणून युंगविर्थ या तरुण धावपटूचे नाव सरकारने संघातून वगळले होते. तो येणार नसेल तर मीही येत नाही, असे झाटोपेक यांनी ठणकावले आणि विमान सोडून दिले. शेवटी दोघेही गेले.

१९६८ मध्ये रशियाच्या रणगाड्यांनी प्राग व्यापले. झाटोपेक यांनी उघड निषेध केला. पक्षातून व सैन्यातून त्यांना काढून टाकले आणि कित्येक वर्षे घरापासून दूर, जमिनीत छिद्रे पाडणाऱ्या पथकात त्यांना मजुरी करावी लागली. पुढे दडपणाखाली त्यांनी आपले शब्द मागेही घेतले. हे लपवावे असे आम्हाला वाटत नाही. एकट्या माणसाला ती शर्यत किती लांब वाटली असेल! १९९० मध्ये सरकारने त्यांची माफी मागितली. नोव्हेंबर २००० मध्ये प्रागला त्यांचे निधन झाले.

हेलसिंकीच्या पदकांपैकी एक तेव्हा त्यांच्या घरी नव्हते. १९६६ मध्येच ते त्यांनी ऑस्ट्रेलियाच्या रॉन क्लार्क यांना निरोप देताना गुपचूप हाती दिले होते. क्लार्क यांच्या नावावर अनेक विश्वविक्रम होते, पण ऑलिंपिक सुवर्ण एकही नव्हते.