संगीतासाठी कम्प्युटर वापरणारे जॉन केज कोण होते? छापा-काट्यापासून सात हार्पसिकॉर्डपर्यंतचा प्रवास

चार शब्द टाइप केले की एआय ॲप मिनिटभरात गाणे तयार करून देते. आपल्याला काय आवडते, याचा अंदाज घेऊन ते चाल बांधते. अमेरिकी संगीतकार जॉन केज यांनी अर्धशतकापूर्वी कम्प्युटर नेमका उलट कारणासाठी वापरला होता. त्यांना संगीतातून स्वतःची आवडनिवड काढून टाकायची होती.

सुरुवात कशी झाली?

केज यांचा जन्म ५ सप्टेंबर १९१२ रोजी लॉस एंजेलिसमध्ये झाला. वडील नवनवी यंत्रे शोधणारे. केज यांनी कॉलेज अर्धवट सोडले आणि पुढे अर्नोल्ड शोनबर्ग या नामवंत संगीतकाराकडे धडे घेतले. पण स्वरांच्या जुळणीपेक्षा त्यांचा ओढा ताल आणि आवाजाकडे होता. १९३९ मध्ये सिएटलच्या कॉर्निश स्कूलमध्ये त्यांनी ठरावीक फ्रीक्वेन्सीच्या आवाजांच्या रेकॉर्ड कमी-जास्त वेगाने फिरवून रचना केली. पुढच्याच वर्षी पियानोच्या तारांमध्ये स्क्रू-बोल्ट अडकवले आणि एका पियानोतून तालवाद्यांचा अख्खा ताफा उभा केला.

भारताशी काय संबंध?

१९४६ मध्ये अहमदाबादच्या गीता साराभाई न्यूयॉर्कला गेल्या. त्यांनी केज यांना भारतीय संगीत शिकवले, केज यांनी त्यांना पाश्चात्त्य संगीत. संगीत मन शांत करण्यासाठी असते, हा विचार केज यांना गीताबेनकडून मिळाला. रससिद्धांताचा अभ्यास करून त्यांनी पियानोसाठी मोठी रचनामालिकाही लिहिली.

नाणी कशासाठी?

१९५१ पासून कोणता स्वर, किती वेळ, किती जोरात, हे ते नाणी उडवून ठरवू लागले. त्यासाठी आधार होता ‘आय चिंग’ या चिनी ग्रंथातल्या ६४ आकृत्यांचा. त्याच सुमारास हार्वर्ड विद्यापीठातल्या ध्वनी शोषून घेणाऱ्या खोलीतही त्यांना आवाज ऐकू आले. ते त्यांच्याच शरीराचे असल्याचे तिथल्या इंजिनीअरने सांगितले. पूर्ण शांतता नसतेच, हे त्यांना पटले. १९५२ मध्ये वादकाने ४ मिनिटे ३३ सेकंद एकही स्वर वाजवायचा नाही, अशी रचना त्यांनी सादर करवली. तेवढ्या वेळात सभागृहात जे ऐकू येईल, तेच संगीत. अनेक श्रोते चिडले.

विद्यापीठात काय घडले?

एकेका रचनेसाठी हजारो वेळा नाणी उडवायची म्हणजे महिनोन्‌महिने जात. १९६७ मध्ये केज इलिनॉय विद्यापीठात गेले. तिथे लेजारेन हिलर १९५० च्या दशकापासून कम्प्युटरकडून संगीत रचून घेत होते. दोघांनी नाणेफेकीचे काम प्रोग्रॅमकडे सोपवले. रचनेचे नाव ‘एचपीएससीएचडी’. कम्प्युटरला सहा अक्षरांचेच नाव चाले, म्हणून हार्पसिकॉर्ड हा इंग्रजी शब्द कापून सहा अक्षरांत बसवला. हार्पसिकॉर्ड म्हणजे तारा छेडून वाजणारा, पियानोचा पूर्वज.

१६ मे १९६९ रोजी विद्यापीठाच्या गोल असेंब्ली हॉलमध्ये सात हार्पसिकॉर्ड आणि कम्प्युटरने तयार केलेल्या ५० हून अधिक टेप एकाच वेळी वाजू लागल्या. सोबतीला भिंतींवर आणि पडद्यांवर हजारो स्लाइड, चित्रपट आणि रंगीत प्रकाश. कार्यक्रम सुमारे पाच तास चालला. हजारो श्रोते हॉलमध्ये हिंडत होते. कुठे उभे राहायचे, हे ज्याचे त्याने ठरवायचे. त्यामुळे प्रत्येकाने ऐकलेले संगीत वेगळे होते.

आज हे का महत्त्वाचे?

१२ ऑगस्ट १९९२ रोजी न्यूयॉर्कमध्ये केज यांचे निधन झाले. हा गोंगाट आहे, संगीत नव्हे, ही टीका आयुष्यभर झाली आणि अजूनही होते. पण त्यांचा प्रश्न आज आपल्या मोबाइलपर्यंत आला आहे. आवडेल तेच पुन्हा पुन्हा ऐकवणारे यंत्र आपले कान तयार करते की बंद करते? केज यांनी आपले उत्तर त्या पाच तासांत देऊन ठेवले होते.