सुब्बाराव आणि संशोधनाचे माप

संशोधकाची योग्यता निबंधांच्या संख्येवरून ठरविण्याची प्रथा विद्यापीठांत रूढ झाली आहे. बढतीची वाट पाहणाऱ्या अध्यापकांना ती जाचते. डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव यांचे चरित्र या मापाचे उणेपण दाखविते.

१८९५ साली भीमवरम येथे जन्मलेले सुब्बाराव मद्रासला वैद्यक शिकून पुढे हार्वर्डला गेले. रक्तातील व लघवीतील फॉस्फरस रंगाच्या छटेवरून मोजण्याची पद्धत त्यांनी सायरस फिस्क यांच्यासह १९२५ साली प्रसिद्ध केली. विसाव्या शतकात सर्वाधिक आधार घेतल्या गेलेल्या निबंधांत त्या एका निबंधाची गणना होते. तरीही हार्वर्डमध्ये त्यांना कायमची जागा लाभली नाही.

१९४० साली ते लेडर्ले या औषध कंपनीत गेले. फॉलिक आम्लाची कृत्रिम निर्मिती, बालकांच्या रक्तकर्करोगाला प्रथमच तात्पुरता पायबंद घालणारे अमिनॉप्टेरिन आणि हत्तीरोगावरील डायइथिलकार्बामाझिन ही त्यांच्या नेतृत्वाखालील पथकांची कामगिरी होय. मात्र फॉलिक आम्लाच्या १९४५ मधील निबंधावर अग्रनाम सहकाऱ्याचे होते. १९४८ साली, वयाच्या ५३ व्या वर्षी, सुब्बाराव निवर्तले.

विदर्भातील हत्तीरोगविरोधी मोहिमांत वाटलेल्या गोळ्यांमध्ये डायइथिलकार्बामाझिनच होते. त्या गिळणाऱ्या किती जणांना सुब्बाराव ठाऊक असतील? निबंध अवश्य मोजावेत. परंतु संशोधनाचे खरे मोल रोग्याच्या अंथरुणापाशी ठरते, याचा विसर परीक्षकांना पडू नये.