कंटेनर जगभर फिरवणारा ट्रकवाला : माल्कम मॅक्लीन

द्राक्षाचा हंगाम लागला की निफाड, दिंडोरीच्या रस्त्यांवर पांढरे कंटेनर दिसू लागतात. पॅकहाऊसवर माल भरला, दार बंद झालं, सील लागलं, की सहसा तो डबा युरोपातल्या गोदामातच उघडतो. मधे ट्रेलर, न्हावा शेवा बंदर, जहाज, पुन्हा ट्रेलर असा सगळा प्रवास होतो, पण आतल्या पेटीला कुणाचा हात लागत नाही. परदेशातून आपल्याकडे येणारी सफरचंदं, किवी, मशीनचे पार्ट हेही असेच येतात. ही पद्धत जगात रुजवणारा माणूस इंजिनिअर नव्हता आणि जहाजाचा कप्तानही नव्हता. शेतकऱ्याच्या घरातला ट्रकवाला होता.

माल्कम मॅक्लीन यांचा जन्म १९१३ साली अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात, मॅक्स्टन गावाजवळ झाला. कापूस आणि तंबाखूचा मुलूख. लहानपणी आई त्यांना रस्त्याकडेला अंडी विकायला बसवायची आणि विक्रीवर कमिशन द्यायची. १९३१ ला शाळा संपली तेव्हा मंदी जोरात होती, पुढच्या शिक्षणाला पैसे नव्हते. ते पेट्रोल पंपावर लागले. पंपावर ऑइल आणायचं तर २८ मैलांवरून आणावं लागे आणि त्या एका खेपेला ट्रकवाला ५ डॉलर घेत असे. हे कळल्यावर खेप आपणच का करू नये, असं त्यांच्या मनात आलं. १९३४ मध्ये जुना ट्रक घेऊन भाऊ आणि बहिणीला बरोबर घेत त्यांनी वाहतुकीचा धंदा सुरू केला.

१९३७ ची एक गोष्ट ते उतारवयात सांगत. कापसाच्या गाठी घेऊन ते न्यूयॉर्कजवळच्या बंदरावर गेले होते आणि दिवसभर ट्रकमध्ये नुसते बसून राहिले. पुढे हमाल एकेक नग उतरवत होते, दोरीच्या जाळ्यात घालत होते, जाळं जहाजावर चढत होतं, तिथे पुन्हा माणसं नग रचत होती. सगळा ट्रकच उचलून जहाजावर ठेवला तर, असं त्यांना तेव्हा वाटलं म्हणे. त्याच दिवशी वाटलं की नंतर, यावर अभ्यासकांमध्ये वाद आहे. पण ज्याने मार्केट यार्डाच्या दारात रात्रभर ट्रॅक्टर उभा केलाय, त्याला ती बेचैनी वेगळी सांगायला नको.

त्या काळी माल परदेशी पाठवणं म्हणजे काय होतं, याचा एक नीट हिशोब उपलब्ध आहे. १९५४ साली वॉरियर नावाचं जहाज न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनहून जर्मनीला गेलं. त्यात पोती, खोकी, पिंपं, गाठी असे १,९४,५८२ नग होते. भरायला ६ दिवस लागले, समुद्र ओलांडायला साडेदहा आणि उतरवायला ४. एकूण खर्चात समुद्रातल्या प्रवासाचा वाटा जेमतेम साडेअकरा टक्के निघाला. बाकी सगळं भरणं, उतरवणं, गोदाम, गाडीभाडं, थांबणं. आपण कांदा मार्केटला नेतो तेव्हा हमाली, तोलाई, गाडीभाडं जाऊन हातात काय उरतं, तसंच हे गणित.

डब्यात माल भरून पाठवायची कल्पना तशी जुनीच. मॅक्लीन यांनी केलं ते असं, की ट्रक, बंदर, क्रेन आणि जहाज ही एकच साखळी धरून हिशोब मांडला. तोवर त्यांचे सतराशेच्या वर ट्रक झाले होते. आधी ट्रेलर चाकांसकट जहाजावर चढवायचा विचार होता. मग लक्षात आलं की चाकं फुकट जागा खातात. चाकं काढली, नुसता डबा ठेवला. पण अमेरिकेच्या कायद्यात ट्रक कंपनीवाल्याला जहाज कंपनी चालवता येत नव्हती. दोन्हीपैकी एक निवडायचं होतं. वीस वर्षं घाम गाळून उभा केलेला चालता धंदा त्यांनी सोडला आणि कर्ज काढून जहाजात पैसा घातला. घरातल्या शहाण्या माणसांनी नकोच म्हटलं असतं असा हा व्यवहार होता.

२६ एप्रिल १९५६ ला आयडियल एक्स नावाचं जुनं तेलवाहू जहाज न्यूयॉर्कजवळच्या नेवार्कहून टेक्सासमधल्या ह्यूस्टनला निघालं. डेकवर ५८ डबे होते आणि दर सात मिनिटांना एक डबा चढला होता. हमालांकडून सुटा माल भरायला टनाला ५ डॉलर ८६ सेंट लागत, या जहाजाचा खर्च निघाला टनाला १६ सेंटच्या आत.

पुढचं काम कीथ टँटलिंगर या इंजिनिअरचंही तेवढंच आहे. डब्याचे कोपरे मजबूत करणं, एकावर एक रचून पिळाच्या कुलपाने अडकवणं त्यांनी बसवलं. प्रत्येक कंपनीचा डबा वेगळ्या मापाचा असेल तर एकाचा डबा दुसऱ्याच्या क्रेनला चालणार नाही, म्हणून जगभर एक माप ठरवायचं चाललं होतं. तेव्हा कंपनीने आपलं पेटंट इतरांना मोफत वापरू दिलं. आज २० फुटी आणि ४० फुटी डबे कुठल्याही देशात चालतात ते त्यामुळे. १९६६ मध्ये त्यांच्या सी-लँड कंपनीचं जहाज डबे घेऊन अटलांटिक ओलांडून हॉलंडमधल्या रॉटरडॅमला पोचलं. व्हिएतनाम युद्धात अमेरिकी सैन्याचा माल बंदरात तुंबला, तेव्हा तिथेही त्यांनीच डबे नेले. येताना जहाजं रिकामी यायची. ट्रकवाल्याला रिटर्न भाडं सोडवत नाही. त्यांनी जहाजं जपानला वळवली आणि तिथला माल भरून अमेरिकेत आणला.

आज बाहेरून माल मागवायचा तर पूर्ण कंटेनर घेता येतो, थोडा असेल तर दुसऱ्यांच्या मालाबरोबर भागीत पाठवता येतो, नाशवंताला थंड कंटेनर मिळतो. घाई असेल तर विमान, पण त्याचं भाडं कितीतरी पट. कोळसा, गहू, खतं मात्र अजूनही जहाजाच्या पोटात मोकळी ओतूनच येतात.

या स्वस्ताईची किंमत गोदी कामगारांनी मोजली. न्यूयॉर्कच्या धक्क्यांवरची कामं गेली, लंडनच्या जुन्या गोद्या १९८१ पर्यंत बंद पडल्या. मुंबईच्या गोदीत घाटावरच्या कितीतरी माणसांनी पाठीवर पोती वाहून घरं चालवली. १९८९ ला न्हावा शेवा सुरू झालं आणि कंटेनरचं काम हळूहळू तिकडे गेलं. द्राक्ष बाहेर जातं ते याच डब्यातून आणि आपल्या फळाच्या शेजारी परदेशी फळ येऊन बसतं तेही याच डब्यातून. यात नफा कुणाचा झाला हे ज्याने त्याने आपल्या पिकावरून ठरवावं.

१९६९ मध्ये मॅक्लीन यांनी सी-लँड विकली आणि अफाट पैसा मिळवला. मग शेतीची हौस आली. नॉर्थ कॅरोलायनातच ३,७५,००० एकर जमीन घेतली! मका, सोयाबीन, डुकरं असा बेत होता. पण जमीन दलदलीची, ती काही मनासारखी साधली नाही. त्यातल्या काही भागात पुढे अभयारण्य झालं आणि तिथे आता लाल लांडगे सोडलेत.

गप्प बसायचा स्वभाव नव्हता. १९७८ ला त्यांनी युनायटेड स्टेट्स लाइन्स ही कंपनी घेतली. तेल महाग होत जाणार असा अंदाज बांधून कोरियातून बारा प्रचंड, सावकाश चालणारी, कमी तेल खाणारी जहाजं करून घेतली. खर्च ५७ कोटी डॉलर. जहाजं पाण्यात आली आणि तेलाचे भावच पडले. भाव चढेल म्हणून चाळीत कांदा ठेवावा आणि आवक वाढून भाव कोसळावा, तसं झालं. १९८६ च्या नोव्हेंबरात कंपनीने दिवाळं जाहीर केलं. हजारो नोकऱ्या गेल्या. ती बाराही जहाजं पुढे स्वस्तात सी-लँडनेच विकत घेतली. मॅक्लीन त्यानंतर कित्येक वर्षं लोकांत यायचं टाळत.

तरी सत्तरी उलटल्यावर त्यांनी ट्रेलर ब्रिज नावाची आणखी एक कंपनी काढली, फ्लोरिडा ते पोर्टो रिको मालवाहतुकीची.

२५ मे २००१ ला न्यूयॉर्कमध्ये वयाच्या ८७ व्या वर्षी त्यांचं निधन झालं. अंत्यविधीच्या सकाळी जगभरच्या कंटेनर जहाजांनी आपले भोंगे वाजवले.