कॉर्नेलियाबाई सोराबजी

नाशिकास गंगापूर रोडने कायद्याची पुस्तके घेऊन जाणाऱ्या मुलींचे आज कोणासही नवल वाटत नाही. ही वाट ज्यांनी प्रथम चोखाळली त्या बाई नाशिकच्याच होत, हे आम्ही वाचकांस सांगू इच्छितो.

कॉर्नेलियाबाईंचा जन्म १५ नोव्हेंबर १८६६ रोजी नाशिक येथे झाला. वडील रे. सोराबजी खरसेटजी हे पारशी धर्मातून ख्रिस्ती झालेले मिशनरी. आई फ्रान्सिना ह्यांनी पुण्यास शाळा चालविल्या. डेक्कन कॉलेजात बाईंनी उत्तम यश मिळविले. तथापि विलायतेची सरकारी शिष्यवृत्ती, केवळ स्त्री म्हणून, त्यांस नाकारण्यात आली. हितचिंतकांनी वर्गणी जमविली व १८८९ साली त्या ऑक्सफर्डास गेल्या. १८९२ साली त्या कायद्याच्या परीक्षेत उतरल्या. पण तेथे स्त्रियांस पदवी देत नसत, म्हणून ती हाती पडावयास ३० वर्षे लोटली.

स्वदेशी आणखी परीक्षा देऊनही सनद मिळेना. इकडे पडद्यातील विधवांस परपुरुष वकिलासमोर येता येत नसे, व त्यांची मिळकत भाऊबंद गिळीत. बाईंनी सरकारदरबारी खटपट केली, आणि १९०४ साली बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्सकडे त्यांची नेमणूक झाली. शेकडो स्त्रिया व पोरक्या मुलांचे हक्क त्यांनी राखिले. १९०९ साली त्यांस कैसर-इ-हिंद सुवर्णपदक मिळाले. १९२३ च्या कायद्याने स्त्रियांस वकिलीचे दार उघडले, तेव्हा बाई ५६ वर्षांच्या होत्या. १९५४ साली त्या लंडन येथे निवर्तल्या.

सनद नव्हती तोवर त्या हात जोडून बसल्या नाहीत, हे आमच्या कन्यांनी ध्यानी धरावे.